मदत हवी आहे: माशांच्या टँकच्या झाकणावरचे पांढरे डाग जात नाहीत

वैतागलेला_कासव
झाकणावर पांढरे डाग आणि खालून हिरवट-तपकिरी शेवाळ. सगळं करून झालं, ढिम्म हलत नाही. दिवा लावला तरी आत तिन्हीसांज. उद्या पाहुणे आहेत. पटकन सांगा.

गप्पीगँग
सगळं म्हणजे काय काय? आणि झाकण काचेचं की ॲक्रिलिकचं?

थेंब
व्हिनेगर. विषय संपला.

जुनं_खोड
संपत नाही हो. व्हिनेगर शिंपडून लगेच पुसलं तर काही होत नाही, आडव्या काचेवरूनसुद्धा ओघळून जातं. मी झाकण उतरवतो, टिश्यू पेपर व्हिनेगरमध्ये भिजवून डागांवर चिकटवतो, वरून प्लास्टिकची पिशवी. तासाभराने काढतो. डाग कॅल्शियमचे असतील तर कागद लावताना बारीक बुडबुडे येतात, ते दिसले की समजा काम चालू आहे. जाड थर असेल तर दोन-तीनदा. व्हिनेगरचा वास नको असेल तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून.

चमचाभर
व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घाला, मस्त फसफसतं, सगळं निघून येतं.

जुनं_खोड
फसफसतं ते सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना संपवतात म्हणून. डागासाठी उरतं काय? जवळपास मिठाचं पाणी.

चमचाभर
आमच्याकडे निघतं.

जुनं_खोड
तुम्ही त्यानंतर घासता. घासल्याने निघतं.

वैतागलेला_कासव
झाकण काचेचं आहे, वर सांगितलंय ना. तारेच्या घासणीने घासून पाहिलं.

गप्पीगँग
कुठे सांगितलंय? परत वाचा. आणि तारेची घासणी?? अरे देवा.

पाणपोई
संडास साफ करायचं ॲसिड टाका, मिनिटात.

थेंब
माशांच्या टँकवर? नको. आणि शेवाळासाठी कोणी ब्लीच सुचवणार असेल तर आधीच सांगतो, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो विषारी असतो. शेवाळ तर नुसत्या ब्लेडने निघतं. काच ओली ठेवा, ब्लेड तिरकं धरा. ॲक्रिलिकवर मात्र ब्लेड नाही. दोन काचांच्या मध्ये बिजागरीची प्लास्टिक पट्टी असेल तर तिच्यापासूनही लांब, कापली जाते. शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुवा, साबण नको.

शंखपुष्पी
गोगलगायी सोडा. माझ्या तर सगळं खाऊन टाकतात.

गप्पीगँग
झाकण पाण्याच्या वर असतं ताई. तिथे चढलेली गोगलगाय सकाळी जमिनीवर सापडते.

शंखपुष्पी
माझी सापडली नाही अजून.

मोकळा_टँक
झाकणच काढून टाका. मी काढलं.

थेंब
आणि मासे उड्या मारतात त्यांचं काय?

मोकळा_टँक
माझे मारत नाहीत.

जुनं_खोड
कासवराव, एक सांगा, एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, नेमका कुठे आहे?

वैतागलेला_कासव
डाव्या कोपऱ्यात. त्याचा काय संबंध?

जुनं_खोड
डाग तिथेच जास्त असतील. झाकणाला खालून जो घाम येतो ते वाफेचं पाणी, त्यात क्षार नसतात. डाग पडतात शिंतोड्यांनी. बुडबुडा वर येऊन फुटतो, थेंब काचेवर उडतो, पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. दगड मधे सरकवा किंवा हवा थोडी कमी करा. फिल्टरची धारही वरून पडत असेल तर पाण्याची पातळी वाढवा.

वैतागलेला_कासव
आहेत खरे, डाव्या कोपऱ्यातच.

*(दुसऱ्या दिवशी)*

वैतागलेला_कासव
टिश्यूवाला उपाय दोनदा केला. पांढरं गेलं, शेवाळही ब्लेडने. पण एका जागी गोल गोल धुरकट रेषा राहिल्यात. काच ओली केली की गायब, सुकली की परत.

जुनं_खोड
त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले का?

वैतागलेला_कासव
नाही.

जुनं_खोड
मग ते क्षार नाहीत, तुमच्या घासणीचे ओरखडे आहेत. ओले असताना खाचांत पाणी भरतं म्हणून दिसत नाहीत. ते आता राहणार.

वैतागलेला_कासव
वा. पाहुणे येऊन गेले, कोणी वर पाहिलंसुद्धा नाही.

चमचाभर
सोडा लावला असता तर ओरखडे पडलेच नसते.

हिरवा_देवमासा
माझ्या टँकचं पाणीच पांढरट झालंय, इथेच विचारू का?

गप्पीगँग
नवीन धागा काढा. आणि टँक कधी लावला, मासे किती, ते आधी लिहा.