मदत हवी: नॅरोबोटने बाथला जाऊन ५ च्या आत परत येता येईल का?

कोरांटी
येत्या शनिवारी इंग्लंडमध्ये एक दिवसाची नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) बुक केलीये. सकाळी ९ ला ताब्यात मिळणार, ५ च्या आत परत द्यायची. नवरा म्हणतो सरळ बाथपर्यंत जाऊ, तिथे जेवू आणि येऊ, नकाशावर तर जवळच दिसतंय. मला काही ते जमेलसं वाटत नाही. कोणी गेलंय का? हो की नाही एवढं सांगा प्लीज, घरात रोज यावरून वाद चाललाय. आगाऊ धन्यवाद.

घाटवाट
निघणार कुठून? बाथला एकीकडून कालव्याने येता येतं आणि दुसरीकडून ब्रिस्टलहून नदीने, दोन्हीकडून बोटी येतात. माणसं किती, लहान मुलं आहेत का, बोट किती फुटी, हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

लेस्टरकर
बाथ सोडा आणि फॉक्स्टनला या. ओळीने १० लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद), पाच-पाचचे दोन जिने, १८१४ पासून चालू आहेत आणि सीझनमध्ये लॉककीपर उभे राहून सगळं दाखवतात. बोट पायऱ्या चढल्यासारखी टेकडी चढते, मुलं तर वेडी होतात. संध्याकाळी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गरमागरम जेवण. लॉक नसलेल्या कालव्यात नुसतं बसून राहण्यात काय मजा?

कोरांटी
अहो बुकिंग झालंय, पैसे परत मिळणार नाहीत. ब्रॅडफर्ड ऑन एव्हनहून निघणार, अजून कुठून निघणार? आम्ही ७ जण.

घाटवाट
आता बोलता येईल. केनेट अँड एव्हन कालवा. बोट लॉकच्या वरच्या बाजूला मिळणार की खालच्या?

कोरांटी
खालच्या, लॉक लागणार नाही असं म्हणाले.

सह्यमित्र
मग जमेल की. ब्रॅडफर्डचं लॉक ते बाथचं वरचं लॉक ९ मैल आणि मधे एकही लॉक नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला. साडेचार तास झाले, उरलेल्या वेळात जेवा. तुमचे मिस्टर बरोबर सांगतायत.

घाटवाट
सह्यमित्र, हे गणित कागदावरच ठीक आहे. ४ ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, तो चालण्याचा वेग नाही. कालवा उथळ आणि अरुंद, जास्त इंजिन दिलं तर बोटीची शेपटी खाली बसते, मागे लाट उठून काठाची माती खाते आणि वेग काही वाढत नाही. शिवाय या पट्ट्यात काठाला बांधलेल्या बोटी ओळीने आहेत, लोक त्यांत राहतात, त्यांच्याजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवायचं असतं, नाहीतर त्यांचे दोर ताणले जाऊन खुंट्या उपटतात. एवढं सगळं धरून ताशी २ मैल पडले तरी नशीब समजा. जाऊन-येऊन १८ मैल म्हणजे ९ तास, आणि सकाळचा अर्धा तास तर शिकवण्यातच जातो. कोरांटीताई, उत्तर नाही.

सह्यमित्र
आम्ही गेलो होतो तेव्हा चांगले ३ पडत होते.

घाटवाट
३ धरा. ६ तास नुसतं चालणं, मग जेवणार कधी आणि बोट बांधणार कधी? त्यापेक्षा डंडासपर्यंत जा. अडीच तास जायला धरा, तिथे वळायला जागा आहे, ती महत्त्वाची, कारण नॅरोबोट कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब असते आणि मनात येईल तिथे वळत नाही. वाटेत ॲव्हनक्लिफ आणि शेवटी डंडास असे दोन जलसेतू लागतात, दोन्ही जॉन रेनीचे, खाली नदी आणि रेल्वे आणि तुम्ही वरून बोटीत. ते बघताना फार भारी वाटतं. ॲव्हनक्लिफला दोन्ही टोकांना काटकोनात वळण आहे, समोरचं दिसत नाही, भोंगा वाजवून अगदी हळू वळा. आणि बाथ बघायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डहून ट्रेन धरा, पाऊण तासाचंसुद्धा काम नाही.

निवांत_काठ
कायमचं बोटीवर राहायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, हक्काची बांधायची जागा नसेल तर लायसन्स मिळतं पण १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही, १९९५ च्या कायद्यात आहे. हिवाळ्यात शेगडी, पाणी भरणं, टॉयलेट रिकामं करणं हे सगळं रोजचं होऊन बसतं.

लेस्टरकर
अवांतर झालं हो हे, त्यांना एक दिवसच जायचंय. तरी मी म्हणेन पुढच्या वेळी फॉक्स्टन.

कोरांटी
डंडासचं नवऱ्याला दाखवलं, तो अर्धा तयार आहे. आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि ६ वर्षांची जुळी आहेत. आता त्याचं म्हणणं आहे की चालवायला काही येत नाही तर कसं होणार. टॉयलेट असतं का?

मोगरा_यूके
ताई गुडघ्याचं आधी सांगायला हवं होतं. बहुतेक दिवसाच्या बोटींत टॉयलेट असतं, पण आत उतरायच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. आईंना पुढच्या मोकळ्या जागेत बसवा, बसायला उशी घ्या, आणि चढण्या-उतरण्याचं सगळं ब्रॅडफर्डलाच उरका. मधे काठाला बोट टेकवून उतरणं त्यांना अवघड जाईल. मुलांना लाइफजॅकेट, बोटवाल्यांकडे मागा. छतावर बसवू नका, पूल फार ठेंगणे आहेत.

घाटवाट
चालवणं अर्ध्या तासात येतं. मागे उभं राहून दांडा धरायचा, बोट उजवीकडे न्यायची तर दांडा डावीकडे ढकलायचा. गिअर न्यूट्रलला टाकला की सुकाणू जवळपास काम करत नाही, हे आधीच लक्षात असू द्या, घाबरून गिअर काढू नका. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. आणि मिस्टरांना एकच गोष्ट पक्की सांगा, प्रोपेलरला चिंधी किंवा दोर अडकला तर आधी इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच मागचं झाकण उघडून हात घालायचा. जेवण डब्यात घ्या, ॲव्हनक्लिफला काठाशीच पब आहे पण शनिवारी जागा मिळेलच असं नाही.