मदत हवी आहे: सांबऱ्याच्या परिसरात उडणारे ड्रोन आणि शिकाऊ वैमानिकांची सुरक्षा

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव तालुक्यात, सांबरा विमानतळापासून जवळच असलेल्या एका गावात राहतो. माझी भाची या विमानतळावर सेसना १७२ या चार आसनी विमानावर प्रशिक्षण घेत आहे. गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगाबाबत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे आणि तो लवकर हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी संध्याकाळी भाची आणि तिचे प्रशिक्षक उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत वळत असताना डाव्या पंखाच्या बाजूने पांढरे काहीतरी चमकून मागे गेले. तिला प्रथम ती घार वाटली, परंतु ते पंख न हलवता एका जागी स्थिर होते असे प्रशिक्षकांनी सांगितले आणि त्यांनी लगेच टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या हवाई नियंत्रण कक्षाला, कळवले. विमान सुखरूप उतरले. दोन दिवसांनी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एका लग्नाच्या वरातीचे चित्रण आले. त्यात मंगल कार्यालय, उसाची शेते, मावळतीचा प्रकाश आणि काही क्षणांपुरते एक छोटे विमान दिसत होते. सर्वांनी कौतुक केले. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण ते विमान चित्रणात खालून नव्हे, तर जवळजवळ समोरून दिसत होते. म्हणजे ड्रोन विमानाच्याच उंचीवर होता.

तो चित्रण करणारा मुलगा माझ्या परिचयातला आहे. लग्नसराईत तीच त्याची कमाई आहे. मी त्याला भेटलो तेव्हा त्याने मोबाईलवरचा आकडा दाखवून अगदी प्रामाणिकपणे सांगितले, "काका, मी चारशे फुटांच्या वर नेलाच नाही." माझी खरी अडचण इथेच आहे. चारशे फूट म्हणजे सुरक्षित, एवढा एकच नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. परंतु विमान नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर येत असेल, तर चाके टेकण्याच्या जागेच्या अलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर ते साडेतीनशे फुटांच्याही खाली आलेले असते. शिवाय ड्रोनचा आकडा हा तो जिथून उडवला त्या जागेपासूनचा असतो. विमानातील उंचीमापक सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि आपला विमानतळच जवळपास अडीच हजार फुटांवर आहे. त्यामुळे एकाच्या पडद्यावर ४०० आणि दुसऱ्याच्या तबकडीवर २,९०० असे दिसत असताना दोघे एकाच पातळीवर असू शकतात. टेकाडावरून ड्रोन उडवला, तर खालच्या शिवारापासूनची त्याची उंची पडद्यावरच्या आकड्याहून कितीतरी जास्त भरते.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगी न घेता उडवण्याची मर्यादा २०० फुटांचीच आहे आणि त्याच्या आत तर परवानगीशिवाय ड्रोन नेताच येत नाही. आमचे गाव आतल्या भागात येते. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उडवण्याचा परवाना लागत नाही, एवढ्यावरून 'छोट्याला सगळीकडे मुभा आहे' असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे, कारण विमानतळापासूनच्या अंतरानुसार ठरलेल्या या विभागांचे बंधन त्यालाही लागू आहे.

"पाहा आणि टाळा" हे वैमानिकाला शिकवतात, हे मला माहीत आहे. पण हातभर रुंदीची वस्तू कितीशी दिसणार? विमान ताशी १२० किलोमीटर वेगाने उतरत असले, तरी दर सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते. धडकेच्या वाटेवर असलेली वस्तू तर काचेवर एकाच ठिकाणी दिसत राहते, सरकत नाही, त्यामुळे नजर तिच्याकडे ओढलीच जात नाही. कॅनडात टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर १० ऑगस्ट २०२१ रोजी उतरणाऱ्या सेसना १७२ ची पोलीस दलाच्या ड्रोनशी धडक झाली. विमानात विद्यार्थी आणि प्रशिक्षक होते, ड्रोन सुमारे ४०० फुटांवर स्थिर होता. आपल्याला पक्षी धडकला असेच दोघांना वाटले. विमान सुखरूप उतरले, पण पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) आणि इंजिनावरचे आवरण यांचे नुकसान झाले होते. ते वाचताना मला पुनःपुन्हा भाचीची घार आठवली.

पक्ष्यापेक्षा ड्रोन वाईट, कारण त्याची मोटर, बॅटरी आणि कॅमेरा हे कठीण व घट्ट भाग असतात. मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेने सुमारे १.८ किलो वजनाच्या पक्ष्याचा आघात सोसावा असे बंधन आहे, अशा छोट्या विमानांना ते नसते. अमेरिकेतील डेटन विद्यापीठाने २०१८ मध्ये एका छोट्या विमानाच्या पंखावर सुमारे एक किलोचा ड्रोन आदळवला, तेव्हा तो आत घुसून पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत पोहोचला. त्या चाचणीतील वेग उतरणाऱ्या सेसनाच्या सुमारे तिप्पट होता, म्हणून ती जशीच्या तशी आपल्याला लावणे बरोबर होणार नाही, हेही नमूद करतो.

आता माझे प्रश्न. आपल्यापैकी कोणी छोटी विमाने चालवत असेल, तर उतरताना अगदी खाली ड्रोन दिसल्यास विद्यार्थ्याने काय करावे? वळून टाळावे, की सरळ राहून पुन्हा वर जावे? एवढ्या खाली कमी वेगात घाईने वळणे मला अधिक धोक्याचे वाटते, पण मी वैमानिक नाही. ज्यांनी विमानतळाजवळ लग्नाच्या किंवा यात्रेच्या चित्रणासाठी रीतसर परवानगी मिळवली आहे, त्यांनी अर्ज कुठे आणि किती दिवस आधी केला आणि येथे हवाई दलाचे केंद्र असल्यामुळे आणखी कोणाकडे जावे लागले, हेही सांगावे. त्या मुलावर थेट पोलिसांत तक्रार करावी असे काही नातेवाईक म्हणतात. मला तसे करायचे नाही, पण पुन्हा असे घडले तर गप्प राहणेही मला जमणार नाही.

उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनांबद्दल माझी तक्रार नाही. ते पिकाच्या दोन-तीन मीटर वरून फिरतात, तरी त्यांच्या परवानगीचेही कोणाला माहीत असल्यास लिहावे.

ग्रामपंचायत आणि मंगल कार्यालयांत लावण्यासाठी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एक साधा फलक करण्याचा माझा विचार आहे. त्यावर विमान कुठून, किती खाली येते याचे चित्र असावे. मराठी मजकूर मी लिहीन, कन्नड मजकूर कोणी तपासून दिला तर फार उपकार होतील. येत्या रविवारी आमच्या तरुण मंडळाची बैठक आहे आणि तो मुलगाही तिथे येणार आहे, त्याआधी उत्तरे मिळाली तर मी ती वाचून दाखवीन.