कार्ला ब्रुनीच्या पहिल्या अल्बमसारखा आवाज घरी कसा रेकॉर्ड करावा?

पहाटराग: गायिका कार्ला ब्रुनीच्या 'केल्कं मा दी' (२००२) या पहिल्या अल्बममधलं फ्रेंच शीर्षकगीत गिटारवर म्हणून रेकॉर्ड करायचं आहे. माईक जवळ घेतला की आवाज घुमतो, लांब नेला की कानाशी बोलल्यासारखं वाटत नाही. उच्चारही मराठी वळणाचे होतात.

सहातारी: घुमतं कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक जवळ आला की खर्ज फुगतो. १२ ते १५ सेंमी अंतर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर ('प', 'ब' चा फुत्कार अडवणारी जाळी) लावा आणि माईक ओठांसमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे जरा तिरका करा. ८० हर्ट्झखालचा खर्ज कापा. तरीही घुमलं तर २०० हर्ट्झपाशी दोन-तीन डेसिबल उतरवा. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) ३:१ ठेवून तीन-चार डेसिबलच दाबा, नाहीतर श्वास शब्दांच्या वर येतो.

या अल्बमचा निर्माता लुई बर्तिन्याक. 'तेलेफोन' या रॉक बँडचा गिटारिस्ट असूनही त्यानं इथं हात आखडता घेतलाय, म्हणूनच त्या हलक्या आवाजाला जागा मिळते. तुम्हीही वाद्यं वाढवू नका.

घोटीव: उच्चारात खरी अडचण देवनागरीत लिहून घेतलेल्या ओळींची आहे. 'केल्कं' लिहिलं की आपण ते 'केलं', 'गेलं' सारखं वाचतो, म्हणजे नुसता लांबवलेला 'अ'. इथं स्वर खरोखर नाकातून हवा, पण शेवटी 'न' किंवा 'म' लागता कामा नये. म्हणताना ओठ मिटले तर चुकलं. कोकणी बोलणाऱ्यांना हे चटकन जमतं. 'त्यू' मधल्या स्वरासाठी जीभ 'ई' ची ठेवा, ओठ 'ऊ' चे करा. 'र' घशाशी घासून काढा, जिभेचं टोक खालीच राहू द्या. 'दी' नंतर फ्रेंचमध्ये लिहिलेला 'त' म्हणायचा नाही.

आणि कुजबुजू नका. तिचा आवाज श्वासाळ आहे, तरी सूर पक्का आहे. नुसती हवा सोडली की ओळीच्या शेवटी सूर उतरतो. त्यापेक्षा पट्टी खाली घ्या.

पहाटराग: गिटार आणि आवाज एकत्रच घेऊ का?

सहातारी: एकत्र घेतलं तर गिटार आवाजाच्या माईकमध्ये शिरते, मग एक चूक झाली की दोन्ही पुन्हा घ्यावं लागतं. पण मेट्रोनोमवर (ताल देणाऱ्या टिकटिकीवर) आधी नुसती गिटार वाजवली तर शब्द ताठ होतात, कारण या गाण्यांत ओळ तालाच्या किंचित मागे रेंगाळते. म्हणून गात गातच गिटार वाजवा, तो आवाज फक्त खुणेपुरता ठेवा आणि खरा आवाज त्यावर नंतर घ्या. गिटारचा माईक बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीसमोर), २० ते ३० सेंमीवर. भोकासमोर ठेवलात तर पुन्हा तेच घुमणं.