चिलिका 'खाजण' कसं?

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या नोट्समध्ये ओडिशाच्या चिलिकाला 'खाजण सरोवर' म्हटलंय. आमच्याकडे राजापूरला खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. बांध घातला तर भात, नाहीतर चिखल नि खेकडे. तिचं सरोवर कधी झालं?

पुणेकर : लगून म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून अलग झालेलं उथळ पाणी. त्याला मराठी शब्द हवा होता, कोणीतरी किनाऱ्यावरचा उचलला. 'खारकच्छ' हाही आहे, पण तो कोशातच राहिला. चिलिका आणि बंगालच्या उपसागरामध्ये वाळूचा लांबलचक दांडा आहे. पावसाळ्यात दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, उन्हाळ्यात समुद्राचं खारं आत चढतं. क्षेत्रफळही तसंच हलतं : उन्हाळ्यात सुमारे ९०० चौ. किमी, पावसाळ्यात ११०० च्या वर. ओडिया लोक 'ह्रद' म्हणतात, म्हणजे सरोवरच.

गोंयकार : पाणी मचूळ, एवढंच साम्य. आमच्या खाजनात समुद्र बाहेर ठेवायचा असतो. बांधाला मानस, म्हणजे दारं असलेली पाण्याची मोरी, असते. भरती आली की तिची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. रात्री ओहोटीच्या वेळी तिथेच जाळं लावून मासळी धरतात. त्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव हो!

पुणेकर : आणि चिलिकात नेमकं उलट. तिथे समुद्र आत आला तरच पोट भरतं. गाळाने मुख अरुंद झालं, खारेपणा उतरला, पाणवेली माजल्या, कोळंबी-मासळी रोडावली. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये दांडा कापून नवं मुख काढलं, तेव्हा मासळी परत वाढली. १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, असलेलं हे ठिकाण १९९३ मध्ये धोक्याच्या यादीत गेलं होतं, ते २००२ मध्ये बाहेर आलं. दीडशेच्या आसपास गावांतले कोळी त्यावर जगतात. चिलिकाकाठच्या सातपाड्याला डॉल्फिन बघायला जाणारे पर्यटक वेगळेच.

गोंयकार : म्हणजे एकाच शब्दात समुद्राला दार बंद करणारी जमीन आणि दार उघडं ठेवावं लागणारं पाणी, दोन्ही कोंबलीत. मी तरी 'चिलिका सरोवर' म्हणेन, पुढे 'निमखारं' जोडेन आणि खाजन आमच्याकडेच ठेवेन.

प्रश्नकर्ती : पटलं. पण परवा पेपर आहे, तिने लिहायचं काय?

पुणेकर : खाजण. मार्क तिथेच आहेत, ताई.