क्राउडफंडिंगवर घेतलेला कीबोर्ड अजून आला नाही. किती थांबायचं?

रातकिडा:
किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या साइटवर, एका छोट्या कीबोर्डला पैसे दिले होते. डिलिव्हरी मार्चमध्ये होती, आता ऑक्टोबर उजाडला. दर अपडेटमध्ये एकच, 'साच्यात किरकोळ दुरुस्ती चालू आहे'. रिफंडच्या मेलला उत्तर नाही. गंडवतायत का?

साचेवाली:
प्लास्टिकच्या भागांचे साचे बनवणं हाच माझा धंदा, त्यामुळे 'किरकोळ' वाचून हसू आलं. स्टीलचा साचा तयार व्हायलाच दीड-दोन महिने जातात. पहिल्या सॅम्पलमध्ये कुठे प्लास्टिक आकसलेलं असतं, कुठे बटण अडकतं. मग साचा परत मशीनवर. स्टील कोरून काढणं सोपं, पण जास्त कोरलं गेलं तर वेल्डिंग करून भरावं लागतं आणि मग पुन्हा सॅम्पल. अशा दोन-तीन फेऱ्या होतात, मध्येच चिनी नववर्षाला कारखाने बंद. मोहिमेच्या पानावरची तारीख मात्र सगळं पहिल्या फटक्यात जमणार असं धरून टाकलेली असते!

किकस्टार्टरवरच्याच पेबल या स्मार्टवॉचला २०१२ मध्ये कोटीभर डॉलर मिळाले. कबूल केलं होतं सप्टेंबर, घड्याळं निघाली २०१३ च्या जानेवारीत. आणि ही यशस्वी मोहीम म्हणायची. तेव्हा नुसत्या उशिरावरून काही ठरवू नका. कुठला भाग अडलाय ते विचारा आणि सॅम्पलचा फोटो मागा. साचा खरंच असेल तर फोटो निघतोच.

नियमवाचक:
किकस्टार्टर स्वतः रिफंड देत नाही. वस्तू देता आली नाही तर पैसे कुठे गेले ते सांगणं आणि उरलेले परत करणं, ही जबाबदारी मोहीमवाल्याची. उरले तर! कूलेस्ट कूलर या बर्फपेटीच्या मोहिमेने २०१४ मध्ये १.३ कोटी डॉलर जमवले, २०१९ मध्ये गाशा गुंडाळला, सुमारे वीस हजार बॅकर, म्हणजे पैसे देणारे, हात हलवत राहिले. बॅकर ताटकळत असताना तोच कूलर ॲमेझॉनवर विकायला होता, हे मला जास्त झोंबलं.

रातकिडा:
फोटो मागितला. त्यांनी रेंडर पाठवलं, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र.

साचेवाली:
रेंडर?? अहो, हार्डवेअरच्या मोहिमांत असली हुबेहूब रेंडर दाखवायला किकस्टार्टरनेच २०१२ मध्ये बंदी घातली होती. इतक्या महिन्यांनी एक वेडावाकडा का होईना, खरा तुकडा दाखवता येत नसेल तर मला नाही वाटत साचा कापलाय. कार्डाने पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराची तक्रार करता येईल का, हे आजच बँकेला विचारा. तक्रारीला मुदत असते आणि ती कुठल्या तारखेपासून धरायची हे त्यांचं ते ठरवतात.