मदत हवी आहे: जुन्या सीडी प्लेअरचं क्लॉक (चिप्सना वेळेचा ठेका देणारा सिग्नल) बदलताना ३.३ व्होल्टचा सिग्नल चालेल का?

प्लेअर फिलिप्सच्या चिपसेटचा आहे: टीडीए १५४१ए डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप) आणि एसएए ७२२० डिजिटल फिल्टर. फिल्टरला ११.२८९६ मेगाहर्ट्झचा (४४.१ किलोहर्ट्झच्या २५६ पट) साधा क्रिस्टल आणि त्याचे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले आहेत. तो काढून तिथे कमी जिटरचं (ठेक्यातली बारीक चूक कमी असलेलं) क्लॉक मॉड्यूल बसवायचं आहे.

प्लेअर उत्तम चालतो, ट्रॅक अडकत नाहीत. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत, लेन्स साफ केली आहे. मॉड्यूलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर तयार आहे, त्यामुळे सप्लायची अडचण नाही. क्रिस्टलला मात्र अजून हात लावलेला नाही. पीसीबी जुना आहे, सोल्डर काढताना तांब्याचे ट्रॅक उचलले जातात, म्हणून हे काम एकदाच आणि नीट करायचं आहे. ७२२० आता बनत नाही, ती गेली तर खात्रीची दुसरी मिळणं कठीण.

मॉड्यूल ३.३ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह देतं, ७२२० चिप ५ व्होल्टवर चालते. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. बाहेरचा डॅक घ्या असं कृपया सुचवू नका. याच १५४१ए चा आवाज मला हवा आहे.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारतो: हा सिग्नल चिपच्या क्रिस्टल इनपुटला थेट द्यायचा की मध्ये कपॅसिटर घालून, आणि घालायचा तर किती कपॅसिटन्सचा? क्रिस्टलसोबतचे ते दोन कपॅसिटरही काढायचे का?