‘तीन दिवस खोलीत कोंडा, चौथ्या दिवशी व्यसन खलास’ असं लिहिणाऱ्या ठाम यांना उत्तर

रातकिडा

कालपासून ‘ठाम’ यांचा लेख फिरतोय. सुटला असेल त्यांच्यासाठी सार: व्यसन म्हणजे मनाचा लेचेपेचेपणा, औषधं म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं, आणि उपाय एकच. बाटल्या मोरीत ओता, माणसाला तीन दिवस खोलीत बंद करा, रडला-ओरडला तरी कडी काढू नका. खाली ‘वा, परखड!’ म्हणणाऱ्यांची रांग.

मनाच्या ताकदीवर नंतर भांडू. आधी त्या तीन दिवसांचा हिशोब मांडतो.

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीत कामं उरकायला शिकलेला असतो. शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे रिसेप्टर (पेशीवरच्या त्याच्या चिकटायच्या जागा) बोथट झालेले, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचे वाढलेले. दारू एकदम काढली की गुंगी जाते, पण ही उलटी तयारी जागेवरच राहते. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. ६ ते ४८ तासांत कधीही फिट येऊ शकते, कधी लागोपाठ दोन-तीन. ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे डीटी. म्हणजे ठाम यांची कडी निघायची वेळ आणि डीटी रंगात यायची वेळ एकच.

डीटी दिसतं कसं? माणूस पांघरुणावरून नसलेले किडे वेचत असतो. कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं समजून त्याच्याशी बोलतो. सदरा पिळून काढावा इतका घामाने भिजलेला, अंगात ताप, नाडी १२० च्या पुढे, आणि आज वार कोणता विचारलं तर उत्तर भलतंच. दाराबाहेरच्याला वाटतं नाटकं चाललीयेत. उपचार न मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ३५ पर्यंत गेल्याच्या जुन्या नोंदी आहेत. वेळेत उपचार मिळाले तर ते ५ च्या खाली येतं.

उपचार काही गूढ नाही. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. थरथर, घाम, भास, दिशाभान असे १० मुद्दे मोजून गुण देतात, गुणांवर डोस ठरतो, आणि साधारण आठवडाभरात औषध उतरवत बंद होतं. जोडीला थायमिन, तेही सुरुवातीला इंजेक्शनने, कारण रिकाम्या पोटी पीत राहिलेल्याचं आतडं गोळीतलं थायमिन धड शोषत नाही. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि वेर्निके हा मेंदूचा आजार उद्भवू शकतो: गोंधळ, तोल जाणं, डोळे नीट न फिरणं. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, म्हणून तो निसटतो. आणि मग कायमची विसरभोळी अवस्था, कोर्साकोफ.

सकाळी उठल्यावर पहिला घोट घेईपर्यंत हात स्थिर होत नसतील, किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर घरी कोंडू नका. डॉक्टर गाठेपर्यंत एकदम तोडण्यापेक्षा थोडी थोडी कमी करत नेणं कमी धोक्याचं.

ठाम

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा मंडळी. रातकिडा दारुड्याला दारू पाजायला सांगतायत. आणि बेजबाबदार मी!

तुम्ही सगळ्यात वाईट केस घेऊन सगळ्यांना घाबरवताय. पिणाऱ्यांपैकी डीटी किती जणांना होतो? फार थोड्यांना. सोडणाऱ्यांतले बहुसंख्य कुठलाही उपचार न घेता सोडतात, हे मोठमोठ्या सर्वेक्षणांत दिसतं, तुम्हालाही माहीत आहे. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक घ्या. ली रॉबिन्स यांचा अभ्यास. तिथे सैनिकांपैकी जवळजवळ पाचातला एक हेरॉईनच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले शेकडा ५ च्या आसपासच पुन्हा अडकले. मेंदूचा असाध्य आजार असता तर विमान उतरल्यावर बरा झाला असता का?

मोजपट्टी

आकडे बरोबर. वापर चुकीचा.

१९७१ पासून त्या सैनिकांना परत पाठवण्याआधी लघवीची तपासणी होती. नमुन्यात अफूवर्गीय सापडलं की विमान चुकायचं, आधी तिथेच ठेवून नशा उतरवली जायची. म्हणजे पहिले दिवस देखरेखीखाली गेले, कडी लावलेल्या खोलीत नव्हे. नंतर जागा बदलली, सोबत बदलली, स्वस्त आणि शुद्ध माल हाताशी राहिला नाही. यातून इच्छाशक्तीपेक्षा परिस्थितीची ताकद जास्त सिद्ध होते. घरातच पिणाऱ्याला घरातच कोंडून काय बदललं?

‘बहुसंख्य आपोआप सोडतात’ यात सौम्य गट ठासून भरलेला असतो. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकात व्यसनाचे ११ निकष. वर्षभरात २-३ बसले तर सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त तर तीव्र. दोन निकषवाला सोमवारी ठरवून सोडतो आणि नऊ निकषवाल्याला ‘बघ, जमतं’ म्हणून त्याचं उदाहरण दिलं जातं. नऊवाल्याने काय करायचं, यावर तुमचा लेख चूप.

अवांतर: ‘दारुडा’ लिहिणं थांबवाल का? निदान या धाग्यावर तरी.

धूर_नको

नेहमीप्रमाणे सगळे दारूवर. तंबाखू सगळ्यात जास्त माणसं मारते आणि तिला कोणी विचारत नाही. निकोटीनचं च्युइंगगम ‘काम करत नाही’ म्हणणारे दहातले नऊ ते साध्या गमसारखं कचाकचा चावतात. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, तलफ तशीच. हळूहळू चावायचं, तिखट झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचं, असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नाही, कारण आम्ल असेल तर तोंडाच्या अस्तरातून ते शोषलंच जात नाही. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. यावर कोणी बोलेल का?

सरळमार्गी

अहो, हे सगळं ज्याला सोडायचंय त्याच्यासाठी. ज्याला सोडायचीच नाही त्याचं काय? घरच्यांनी नकळत जेवणात डायसल्फिरॅमची गोळी कुटून घातली तर काय बिघडलं? प्यायला की ओकला. चार वेळा ओकला की आपोआप विटतो. हे कितीतरी घरांत चालतं, लपवण्यात काय अर्थ आहे?

गोळीबंद

बिघडतं, आणि कसं ते नीट वाचा.

दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचं ॲसिटेट. डायसल्फिरॅम ही दुसरी पायरी अडवतं, म्हणून ॲसिटाल्डिहाइड साचतं. १९४८ मध्ये कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोब्सेन यांनी हा परिणाम छापला. ते खरं तर जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. गोळी पोटात असताना प्यायलं की १० ते ३० मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरतो. हृदय आधीच कमजोर असेल तर ठोके बिघडून माणूस कोसळतो. मृत्यू नोंदलेले आहेत. कुटणाऱ्याला डोस किती गेला तेही माहीत नसतं. ठरलेला डोस रोज २५० मिलिग्रॅमच्या आसपास, तोही यकृताची तपासणी करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावर, आणि रुग्णाला सगळं सांगूनच. नशेत असलेल्याला किंवा न सांगता देऊ नये, हे औषधाच्या माहितीपत्रकातच असतं.

आता तुमचं ‘आपोआप विटतो’. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो उलटीचा संबंध दारूशी का जोडेल? तो म्हणतो माल भेसळीचा होता, ब्रँड बदलतो. किंवा पोट बसावं म्हणून आणखी घेतो. ही गोळी चालते ती ‘आज घेतलीय, आज प्यायलो तर मेलो’ या धास्तीवर, आणि ती धास्ती सांगितल्याशिवाय येणार कुठून?

सरळमार्गी

बरं, धास्ती हवी ना? मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगायचं.

गोळीबंद

म्हणजे आधी दोनदा विषबाधा करून मग खुलासा! वा. त्यानंतर तो त्या घरात अन्नाला शिवेल का? आणि सांगायचंय तर पहिल्याच दिवशी सांगा, त्याच्या संमतीने. सकाळी चहाच्या वेळी त्यानेच निवडलेल्या माणसासमोर गोळी पाण्यात कालवून प्यायची. हीच पद्धत सगळ्यात नीट चालते.

गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, हे कुटणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? दरम्यान त्याने खोकल्याचं औषध घेतलं, तोंड धुण्याचं द्रावण वापरलं, त्यातही अल्कोहोल असतं. जुलाबासाठी कोणी मेट्रोनिडाझोल दिलं तर भ्रमिष्टासारखं वागू शकतो. डॉक्टर विचारतील ‘कोणती औषधं चालू?’ तो प्रामाणिकपणे सांगेल, ‘एकही नाही’.

सरळमार्गी

हे मेट्रोनिडाझोलचं माहीत नव्हतं. पण ज्या बाईला रोज मार खावा लागतो तिला तुम्ही संमतीचे धडे देणार? तिने आणखी काय करायचं?

मोजपट्टी

मार खाणाऱ्या बाईचा प्रश्न गोळीने सुटत नाही हो. ओकणारा, चेहरा पेटलेला, घाबरलेला माणूस शांत होईल असं कुणी सांगितलं? आणि जेवण कोणी वाढलं, हे त्याला कळायला कितीसा वेळ लागतो? तिची सुरक्षितता हा वेगळा आणि आधीचा प्रश्न आहे. दोन्ही एका कुटलेल्या गोळीवर टाकू नका.

ठाम

धागा माझ्यावर होता, गोळीवर गेला. बरंच झालं.

पण मुद्दा टाळू नका. दारूचं धरून चालू. हेरॉईन सोडताना तर कोणी मरत नाही, हे तुमच्याच पुस्तकांत आहे. मग तिथे कोंडायला काय हरकत? उलट तुम्ही त्यांना हेरॉईनच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देता, वर्षानुवर्षं. ही मुक्ती? हे तर मालक बदलणं झालं.

रातकिडा

सोडताना सहसा मरत नाही, हे अर्धं खरं. सतत उलट्या-जुलाब आणि कोणी पाणीही देत नाही अशा बंद खोलीत तेही घडलंय. मोठा धोका कडी काढल्यानंतर असतो. आठ-दहा दिवसांत त्रास ओसरतो, पण तोवर शरीराची सहनशक्तीही उतरलेली असते. पुन्हा तलफ आली की हात सवयीने जुनंच प्रमाण भरतो. गेल्या महिन्यात जे प्रमाण जेमतेम पुरत होतं, त्याच प्रमाणात आता श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट. तुमच्या पद्धतीने ‘यशस्वी’ झालेला माणूसच इथे मरतो.

तेव्हा ओळख: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, घशातून घरघर, मिनिटाला श्वास आठ-दहाच्या खाली, हलवलं तरी जाग नाही. हे ‘गाढ झोपलाय’ म्हणून सोडलं जातं. रुग्णवाहिका बोलवायची, नॅलोक्सोन (हेरॉईनवरचा उतारा) द्यायचं, श्वास द्यायचा. शुद्धीवर आला तरी एकटं सोडायचं नाही: नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटांत उतरतं, मेथाडोनसारखा लांब टिकणारा पदार्थ त्यानंतरही आत असतो, आणि माणूस पुन्हा बुडतो.

गोळीबंद

‘मालक बदलणं’ याबद्दल. ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टर घट्ट धरतं, पण अर्धवटच चालू करतं, म्हणून एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी श्वास त्या प्रमाणात दबत नाही. (वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर ही मर्यादा कामाची नाही.) दिवसातून एकदा जिभेखाली, तलफ नाही, झिंग नाही, माणूस कामावर. डीएसएमच्या अकरा निकषांत डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाची सहनशक्ती आणि विथड्रॉवल (नशा तुटल्यावरचा त्रास) मोजतच नाहीत. रोज थायरॉईडची गोळी घेणाऱ्याला कोणता मालक आहे?

सुरुवात चुकते ती घाईने. हेरॉईन अजून रिसेप्टरवर असताना दिलं तर हे त्याला ढकलून स्वतः बसतं आणि तासाभरात भयंकर विथड्रॉवल येतं. मग रुग्ण म्हणतो, ‘हे औषध मला चालत नाही’, आणि परत येत नाही. शेवटच्या डोसनंतर किमान १२ तास, मेथाडोनवरून येत असेल तर त्याहून बरेच जास्त, आणि जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, मोठ्या बाहुल्या दिसायला लागल्यावरच पहिले २ ते ४ मिलिग्रॅम. चावायचं नाही, गिळायचं नाही, विरघळेपर्यंत बोलायचंही नाही.

ठाम

घ्या. ‘तीन दिवस कोंडा’ ही ओळ लेखातून काढली. मोरीत ओतायचंही काढलं. त्या जागी ‘डॉक्टरांना विचारून’ आणि ‘पहिल्या रात्री सौम्य झोपेची गोळी द्यावी’ असं घातलंय. लेख मिळमिळीत झाला, पण तुमचा जीव शांत झाला असेल. शीर्षक बदलणार नाही. आणि दोन महिन्यांनी, तलफ आली की औषधाचा प्रभाव असो-नसो, नाही म्हणायचं कोणाला असतं? त्यालाच.

रातकिडा

दोन महिन्यांनंतरचं मान्य. मी पहिल्या चार दिवसांचंच म्हणत होतो.

गोळीबंद

झोपेची गोळी काढा आधी. कोणती? किती? आणि तो लपून पीतच असेल तर? दारू आणि त्या गोळ्या मिळून श्वास दाबतात. वाचणाऱ्याच्या कपाटात जी असेल तीच तो देणार.

ठाम

काढली.

धूर_नको

च्युइंगगमवर एकानेही काही लिहिलं नाही, याची नोंद घेतली आहे.